मी अण्णांना फाइल वाचून दाखवली

अक्का, आणि अण्णांना निरोप द्यायला इथे जमलेले तुम्ही सगळे, नमस्कार. मला बोलता येईल का, खरंच माहीत नाही. तरी बोलते, कारण आत्ताच तिघा-चौघांनी सांगितलं की अण्णा शेवटी यश पाहून गेले. मंडळी, ते खरं नाही.

अण्णा सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन इलेक्ट्रॉनिक सिटीत आमच्या टीममध्ये आले. मोटरच्या आवाजावरून बिघाड आधीच ओळखायचा, ही त्यांची पद्धत. प्रयोगाचं सगळं एका फाइलमध्ये लिहायचं, एक कमांड द्यायची, की प्रयोग आपोआप होत राहतात. मी घाई केली की म्हणायचे, "स्वल्प तडी गं बाई, जरा थांब! आधी कमांड वाच." कारण कमांडला एखादा पर्याय जोडला, तर फाइलमध्ये काहीही असो, कॉम्प्युटर त्याचंच ऐकतो. फाइल मात्र दिसायला तशीच राहते.

नेमकं तेच झालं. अण्णा हॉस्पिटलात होते. मी वरच्या बाणाचं बटण दाबून जुनीच कमांड उचलली. तिच्यात चाचणीपुरता लावलेला पर्याय तसाच होता: फक्त थोडे, सोपे आवाज. निकाल झकास आला. मी नाचतच फोन केला. अण्णा किती हसले! संध्याकाळी चूक लक्षात आली. पण परत फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "कमांड काय दिलीस? वाचून दाखव." शंका आली होती त्यांना. येणारच! आणि मी काय केलं? मी फाइल वाचून दाखवली. कमांड नाही वाचली. फाइलमध्ये सगळं बरोबर होतं ना! "सरी, ठीक आहे," म्हणाले, "शहाणी आहेस." त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

काल मी प्रयोग पूर्ण चालवला. अण्णांची पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा मागे पडली. अक्का, मी स्वतःला सांगत होते, आजारी माणसाला कशाला दुखवायचं? थापा सगळ्या! मला माझी लाज झाकायची होती. अण्णांचे असे कितीतरी प्रयोग फसले, आणि चहा पिऊन त्यांनी नवी फाइल लिहायला घेतली. हेही पचवलं असतं. पलंगावरून काहीतरी सुचवलंही असतं. ती संधी मी त्यांना दिली नाही.

अक्का, अण्णांच्या घरचं माणूस म्हणून तुमची माफी मागते. तुम्ही ती द्यायलाच हवी असं नाही.

आता आपण शांत उभं राहूया. आणि मनातल्या मनातसुद्धा पद्धत जिंकली असं म्हणू नका. खोटा निकाल अण्णांनी कधी चालवून घेतला नाही. एकदाच घेतला, कारण तो मी सांगितला होता.