पत्र्याच्या टबातल्या हिरव्या पाण्याबाबत

मी, रुसाना मेतोदी चाकालोवा, वय ५८ वर्षे, धंदा दूध संकलन केंद्रावर नोकरी, राहणार गोर्नो लेस्काव, ओढ्याकाठची आळी, आज रोजी स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते ती हकिगत अशी:

वरील पत्त्यावर मी व माझे पती मेतोदी चाकालोव असे दोघेच राहतो. मुलगी दिल्याना लग्न होऊन प्लोवदिवला असते. मेतोदीचा स्वतःचा ट्रक आहे. जुना, डिझेलचा. जंगलातून लाकडाचे ओंडके खाली कारखान्यापर्यंत नेण्याचे काम तो करतो. मेतोदीला सगळ्यातले सगळे कळते. हे मी माझ्या मनाने सांगत नाही, तो स्वतःच सांगतो, गावात कोणालाही विचारावे.

ट्रकच्या रेडिएटरमध्ये तो वर्षानुवर्षे ओढ्याचे पाणी भरत आला. पाणी गोठू नये आणि आत गंज धरू नये म्हणून जे हिरवे औषध बाजारात मिळते ते घाल, असे कारखान्यावरच्या लोकांनी त्याला पुष्कळदा सांगितले होते. "ती थेरं जर्मनांची. आपला ओढा काय वाईट आहे?" असे त्याचे उत्तर असे. गेल्या थंडीत मात्र घाटात दुसऱ्या एकाच्या इंजिनाचा ठोकळा बर्फाने फुटलेला त्याने पाहिला. तेव्हा घाबरून त्याने अर्धे ओढ्याचे पाणी ठेवले आणि त्यावर अर्धे हिरवे औषध ओतले. घाबरल्याशिवाय त्याने आजवर कुठलेच शहाणपणाचे काम केलेले नाही.

या सप्टेंबरात ट्रक घाटात दोनदा उकळला. इंजिनात गंज साचला होता. तो धुऊन काढायचे मेतोदीने ठरवले. मंगळवारी सकाळी अंगणात काम सुरू केले. नळी धरायला मी होते. मी धरली नसती तर ती अंगणभर नाचली असती.

प्रथम त्याने इंजिन गार असताना रेडिएटरच्या तळाची तोटी उघडली. काही आले नाही. गंजाचा गाळ अडकला होता. मग तार घालून ढोसल्यावर हिरवट तपकिरी पाणी आले, विटेच्या चुऱ्यासारखा गाळ आला. इंजिनाच्या अंगचा बूच काढल्यावर आणखी आले. ते सगळे त्याने पत्र्याच्या टबात धरले. दिल्याना लहान असताना तिला मी त्यात अंघोळ घालत असे.

मी म्हटले, "झाकणाच्या डब्यात ओत ते. विषारी असतं. बाटलीवर कवटी काढलेली आहे."

तो म्हणाला, "डबे राकियाच्या दारूसाठी लागतात. प्लम पिकत आलेत, दिसत नाहीत का तुला?"

"मग टब कुठे ठेवणार?"

"कुंपणापाशी. संध्याकाळी देतो ओतून. जमीन सगळं पिते, तिला काही होत नाही."

त्यानंतर त्याने थर्मोस्टॅट काढून ठेवला. मी काकड्या-मिरच्यांचे लोणचे घालायला आणून ठेवलेले लिंबूसत्व न विचारता घेतले, पाण्यात कालवून इंजिनात भरले, ट्रक चालू ठेवून तापवला व पुन्हा सोडून दिला. त्या वेळी जे आले ते कॉफीसारखे काळे होते. मग खालच्या तोंडाला नळी लावून उलटे पाणी सोडले. दुपार कलेपर्यंत हेच चालू होते. शेवटी पाणी स्वच्छ आले तेव्हा मेतोदीने ते ओंजळीत धरून मला दाखवले, जणू त्यानेच पाण्याचा शोध लावला. काम नीट झाले, हे खरे आहे, म्हणून सांगते.

पहिला हिरवा टब कुंपणापाशी तसाच होता. त्या ठिकाणी कुंपणाच्या तीन फळ्या नाहीत. त्या बसवायचे मेतोदी दिल्यानाच्या लग्नापासून म्हणतो आहे. दिल्यानाचा मुलगा आता शाळेत जातो. टब ओतून टाक, असे मी झोपण्यापूर्वी पुन्हा सांगितले. "ओतला," असे तो म्हणाला. बुधवारी पहाटेच्या बसने मी प्लोवदिवला गेले, कारण नातवाला कांजिण्या आल्या होत्या. कुंपणापाशी जाऊन मी पाहिले नाही. नवरा 'ओतला' म्हणाला तर ओतला असेल, असे मी धरून चालले.

पुढचे पाच दिवस मी गावात नव्हते. त्या काळात घडले ते मला परत आल्यावर, घरी जाण्याआधी केंद्रावर कळले. ते येणेप्रमाणे:

वेल्को कुर्तेव हा धनगर आमच्या कुंपणाबाहेरच्या वाटेने रोज संध्याकाळी मेंढ्या ओढ्यावर नेतो. त्याच्याकडे कळप राखणारी दोन कुत्री होती, कारा आणि बेल्चो. वर डोंगरात लांडगे आहेत. ही कुत्री नसली तर वेल्कोचा कळपही नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. गुरुवारी दोन्ही कुत्री दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाऊ लागली. लोक हसले. मग ती ओकली, मग पाणी पीत सुटली, आणि मग उठेनात. कारा शुक्रवारी मेली. बेल्चो शनिवारपर्यंत टिकला. वेल्को त्याचे डोके मांडीवर घेऊन बसला होता असे सांगतात. त्याच दिवशी लांडग्यांनी सात मेंढ्या फाडल्या.

रविवारी चर्च सुटल्यावर पुरुष दुकानापुढे जमले. कोणीतरी मटणातून विष घातले असे ठरले. कोणी घातले हे ठरवायला फार वेळ लागला नाही. युमेर बालाबान हा वरच्या वाडीचा, जंगलात अळंबी गोळा करून विकतो. उन्हाळ्यात बेल्चो त्याच्या पोटरीला चावला होता आणि "या कुत्र्यांना एक दिवस कोणीतरी औषध घालेल" असे तो दुकानात बोलला होता. शिवाय तो मुसलमान. हे शेवटचे कोणी मोठ्याने बोलले नाही, असे मला सांगण्यात आले. बोलायची गरज नसावी.

तरीही वेल्को म्हणाला होता, "नुसत्या बोलण्यावरून माणसाला कसं धरायचं?"

तेव्हा मेतोदी पुढे झाला आणि म्हणाला, "बोलण्यावरून नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बुधवारी हा माझ्या कुंपणापाशी उभा होता. हातात पुडकं होतं."

युमेर त्याच वेळी अळंब्यांची टोपली घेऊन दुकानाकडे येत होता. पुढचे या ठाण्यात लिहिलेले आहे. त्याच्या उजव्या हाताची बोटे बुटाखाली मोडली. कोणाचा बूट, हे वेल्को स्वतः सांगणार आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे. मेतोदीने बूट उगारला नाही. तो मागे उभा राहून सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता. त्याच रात्री इथे येऊन पुडक्याचा जबाबही त्यानेच दिला. त्याखालची सही त्याची आहे. मजकूर खोटा आहे.

मी सोमवारी दुपारी घरी आले. दारात पिशवी ठेवली तेव्हा पत्र्याचा टब खिळ्याला टांगलेला दिसला. राखेने घासून लख्ख केलेला. लग्नाला पस्तीस वर्षे झाली, मेतोदीने एक चमचाही कधी विसळलेला नाही.

मी विचारले, "टब कोणी घासला?"

"मी."

"का?"

"घाण झाला होता. त्यात काय एवढं? बायका म्हणतात नवरे मदत करत नाहीत, केली तर चौकशी!"

"केव्हा ओतलास ते पाणी?"

यावर तो ट्रकबद्दल बोलू लागला. उष्णतेचा काटा आता अर्ध्याच्या वर जात नाही, घाट म्हणजे लोणी, वगैरे. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग तो बसला. बुधवारी संध्याकाळी दोन्ही कुत्री फळ्यांच्या भगदाडातून आत शिरली व टब चाटू लागली, हे त्याने खिडकीतून पाहिले होते. ते पाणी गोडसर असते, जनावरे आवडीने पितात. तो जेवत होता. उठला नाही.

"वाटलं, थोडं चाटून जातील," तो म्हणाला. "कुत्रीच तर होती, रुसा."

"आणि युमेर?"

"त्याचं नाव मी नव्हतं काढलं. लोकांनीच काढलं. मी नुसतं... सगळे माझ्याकडे बघतायत असं वाटलं मला."

"कोणी बघत होतं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग! आता बोलून त्याची बोटं जुळणार आहेत का? वेल्को मला जिवंत ठेवील का? तुलाच विधवा व्हायची हौस आहे?"

मी त्याला सांगितले की मंगळवारी सकाळी तू स्वतः ठाण्यात जा. तो रडला. मंगळवारी त्याने दाढी केली, लग्नाकार्याचा कोट घातला आणि गेला. मी त्याला पनीर घातलेल्या बानित्सा पोळीचा तुकडा बांधून दिला, कारण तिथे किती वेळ बसवतील कोण जाणे. हे का सांगते आहे ते मला माहीत नाही. लिहिले नाही तरी चालेल.

दुपारी केंद्रावर दूध घालायला आलेल्या बाईने सांगितले, "तुझा मेतोदी मोठ्या मनाचा गं. खानावळीत वेल्कोजवळ बसलाय. म्हणतो, नवी पिल्लं निवडायला मी येतो तुझ्याबरोबर, कुत्र्यांतलं मला कळतं."

मी केंद्र बंद केले. घरी जाऊन टब खिळ्यावरून काढला आणि तो डोक्यावर घेऊन गावातून खानावळीपर्यंत गेले. आत सरपंच धरून आठ-नऊ पुरुष होते. मी टब वेल्कोच्या पुढ्यात मेजावर ठेवला. त्याचा पेला सांडला. मेतोदी त्याच्या शेजारी होता. बानित्सा खात होता.

वेल्को म्हणाला, "हे काय, वहिनी?"

मी म्हटले, "तुझी कुत्री यातून प्याली. ट्रकमधलं औषधाचं पाणी होतं. यानं खिडकीतून बघितलं आणि जेवत राहिला."

मेतोदी लगेच उठून हसला आणि म्हणाला, "नातवाच्या आजारपणात झोप नाही तिला. चल रुसा, घरी चल."

वेल्को बसल्या जागी म्हणाला, "मेतोदी, पुडकं कसल्या कागदाचं होतं?"

"आं?"

"युमेरच्या हातातलं. तू पाहिलंस ना?"

"म्हणजे... लांबून पाहिलं. पाहिल्यासारखं वाटलं."

सगळे आपापल्या पेल्यात बघत होते. रविवारी यांच्याच तोंडाला कुलूप घालता येत नव्हते. अखेर सरपंच म्हणाले, "जे झालं ते वाईट झालं. पण गावातली गोष्ट गावातच राहिलेली बरी."

वेल्को म्हणाला, "हातही गावातच मोडला." मग तो उठला. मला वाटले आता तो मेतोदीला मारणार. मी मध्ये पडणार नव्हते. पण वेल्कोने टोपी घेतली, टब उचलला आणि मला म्हणाला, "गाडीत बसा, वहिनी. दवाखान्यात जायचंय. मला एकट्याला जमणार नाही."

दवाखान्यात युमेरची बायको नाफिये खाटेपाशी होती. आम्हाला पाहून ती खाट आणि दार यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. वेल्कोने टोपी काढली आणि घडले ते सगळे उभ्यानेच सांगितले. बोटांवर पाय मीच दिला, हेही सांगितले.

नाफिये म्हणाली, "आता कशाला आलात? हिवाळ्याची लाकडं तू फोडून देणार आहेस का?"

वेल्को म्हणाला, "हो."

ती म्हणाली, "तुझी लाकडं नकोत आम्हाला."

युमेरचा एक डोळा बांधलेला आहे. त्याने विचारले, "किती दिवस तडफडली?"

"कारा दोन. बेल्चो तीन."

"बेल्चो मला चावला," युमेर म्हणाला, "पण ती चूक माझी होती. मी कळपातून गेलो होतो. कुत्रं चांगलं होतं."

यानंतर वेल्को व्हरांड्यात गेला. तिथे तो काय करत होता ते मी पाहिले नाही. जे ऐकू आले त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

मी युमेरला म्हटले, "मी उद्या ठाण्यात जाते आहे. सगळं लिहून देते." तो म्हणाला, "काकू, त्या दिवशी मी पण सांगत होतो. ऐकायला सगळे होते." याचे उत्तर ठाण्यातल्या साहेबांकडे असल्यास त्यांनी द्यावे. रविवारी युमेर रक्ताने भिजलेला इथे बसला होता आणि तुम्ही आधी मेतोदीचा जबाब घेतला, त्याला खुर्ची दिली. मी असे म्हटले, ते लिहून घ्यावे.

टब वेल्कोच्या गाडीत आहे, तो हजर करते. घासलेला असला तरी कडीखालच्या दुमडीत हिरवट पुटे राहिली आहेत. दुमडीतून घासायचे असते हे मेतोदीला कळणार कुठून.

मेतोदी आता कुठे आहे असे विचारल्यावरून सांगते की, तो घरात आहे. दार आतून लावून घेतले आहे आणि खिडकीवर घोंगडी टांगली आहे. वेल्को येईल अशी त्याला भीती आहे. वेल्को जाणार नाही, तसे त्याने मला सांगितले आहे. हे मी मेतोदीला कळवलेले नाही.

दार फोडायची गरज पडू नये म्हणून माझ्याकडची घराची किल्ली आपल्यापुढे ठेवते. मागच्या दाराला ती लागते, त्या दाराला आतून कडी नाही. काम झाल्यावर किल्ली मला परत पाठवू नये. प्लोवदिवची बस चौकातून सुटते, मला ती गाठायची आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या तोंडचाच आहे. कमी-जास्त काही नाही. सही करते.

(सही) रुसाना चाकालोवा