बांधावरचं कुत्रं

डॉक्टर : खाट खाली ठेवा आधी. आणि पेशंटला माणसांच्या दवाखान्यात न्या, कचेरीच्या मागं. हा गुरांचा दवाखाना आहे.

अभिमन : मानूस नही साहेब. गोधडी उचली देखा.

डॉक्टर : कुत्रं? अहो, दोघं जण खांद्यावर खाट घेऊन आलात, सबंध शिंदखेड्यानं टोप्या काढल्या तुम्हाला पाहून!

निंबा : एक म्हातारीनी तं फुलं बी टाकात. मी नही म्हनं नही. तिना भाव व्हता.

डॉक्टर : काय झालं याला?

अभिमन : पायवरथून गाडीनं चाक गयं. हाड बाहेर वनं शे.

डॉक्टर : गाडी कोणाची?

अभिमन : वाघ्या, साहेबले सांग, आपली नव्हती.

निंबा : लाडू, साहेबले सांग, आपली बी नव्हती. कापूसनी गाडी व्हती, कोठली कोन जाने.

डॉक्टर : थांबा. याचं नाव वाघ्या की लाडू?

अभिमन : वाघ्या.

निंबा : लाडू.

डॉक्टर : तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?

अभिमन : कोनी नही.

निंबा : सख्खा भाऊ. तो मोठा.

डॉक्टर : आणि बोलत नाही?

अभिमन : वाघ्या, तूच सांग साहेबले. मन्ही पोरगीनं लगीन. व्याहीसमोर मन्हा फेटा सुटना आन कढीना पातेलामा पडना. बठ्ठा मांडव गप्प बसना. एकच मानूस हासना.

निंबा : लाडू, पुढलं बी सांग. तोच फेटा त्यानी पिळीसन परत डोकावर बांधा. मिशीवरथून कढी टपकी राहिंती. मंग मानूस काय करी?

डॉक्टर : कुत्र्याला कळा येताहेत आणि तुम्ही त्याला निरोप्या करताय! हं, धरा नीट. अरे बाप रे, हे केवढं जड! खायला घालता काय?

अभिमन : सकाय-संध्याकाय दूधभाकर. मन्हाच कुत्रा शे साहेब, रोज दारशे येस.

निंबा : मन्हा दारशे बी येस. रोज. दोन्ही टाईम.

अभिमन : ...काय?

डॉक्टर : म्हणजे दिवसाला चार जेवणं. राहतो कुठं हा?

निंबा : दोन्ही वावरना मधमा, बांधवर. लबाड शे मायन्या!

अभिमन : लबाड नको म्हनू त्याले!

डॉक्टर : वा! बोललात की एकमेकांशी.

अभिमन : मी कुत्रासंगे बोलनू.

डॉक्टर : बरं. आता ऐका. मी बैलांचा डॉक्टर. फार तर मामलेदारसाहेबांचा घोडा. कुत्र्याचा पाय मी आजवर शिवलेला नाही. वाचवायचा प्रयत्न करतो. नाही जमलं तर कापावा लागेल.

निंबा : कापा साहेब, पन जीव ठेवा. तीन पायवर बी तो चारदाव जेवाले येई.

अभिमन : आन बैलना हिसाबनं औषध देऊ नका. आयुष्यभर झोपी राही.

डॉक्टर : क्लोरोफॉर्म हुंगवतो, थेंबाथेंबानं. तुम्ही डोकं धरा, तुम्ही कंबर. जवळ या. अजून जवळ. खांद्याला खांदा लागला तर लागू दे, विटाळ होत नाही!

(तिघं टेबलाभोवती. कुत्रं गुंगीत घोरतंय.)

डॉक्टर : हलू नका. हाड आत बसवतोय. कट्ट असा बारीक आवाज येईल.

निंबा : साहेब, भलताच मोठा आवाज जया!

डॉक्टर : तो हाडाचा नव्हे. तुमचे बंधू पडले.

निंबा : भाऊ! ए भाऊ! साहेब, कुत्राले सोडा, मन्हा भाऊले देखा!

डॉक्टर : हाड अर्धवट बसलंय, हात सोडता येत नाही! रक्त बघून भोवळ आली असेल. पाणी शिंपडा तोंडावर.

निंबा : भाऊ, उठ ना रे! परत हसनार नही मी. फेटा पडू दे, धोतर पडू दे, नही हसनार!

अभिमन : ...धोतर कसाले पडी?

निंबा : शुद्धवर वना! साहेब, शुद्धवर वना!

अभिमन : माले हाक कोनी मारी?

निंबा : लाडूले मारी.

अभिमन : लाडूले तू भाऊ म्हनस?

निंबा : ...कधीमधी.

डॉक्टर : झालं बाबा. पाय राहिला. बांबूच्या कामट्या बांधल्यात, पण महिनाभर पळू द्यायचं नाही. बांधावर तर मुळीच नाही. एका घरात, एकाच्या नजरेखाली. कोण नेतंय?

अभिमन : मी.

निंबा : मी.

डॉक्टर : देवा! मी हात धुऊन येतो. तोवर ठरवा. आणि कुत्र्याला विचारू नका, ते झोपलंय.

निंबा : ...तूच ने. मन्हाकडनी पोरं त्यानी पाठवर बसतीन.

अभिमन : घर नेसू त्याले. पन ती पट्टी बदलनी पडी. माले रगत दिसनं का काय व्हस, तू आत्ते देखं.

निंबा : देखं.

अभिमन : आन तू हासस बी नही?

निंबा : नही ना. दात दाबी धरेल शेतस.

अभिमन : मंग पट्टी बदलाले तू येशी?

निंबा : रोज येसू.

अभिमन : तुन्ही वहिनी इचारी, कसा काय वना म्हनीसन.

निंबा : सांग, कुत्राले देखाले वना. ओटावर बससू, पट्टी बांधसू, चालना जासू.

अभिमन : ओटावर परका बसतस. तू घरमा ये.