हळूबाईचं गाणं

— नाही, नाही, चपला राहू द्या पायात, या घराला कित्येक दिवसांत झाडू लागलेला नाही, तळपाय काळे होतील तुमचे. मालक परगावी, म्हणून किल्ली माझ्याकडे. मी याच मजल्यावर — तीन दारं आहेत बघा, हे एक, मधलं इंजिनियरांचं आणि पलीकडचं माझं. या, ही बाहेरची खोली. भिंतीवर ठिपके दिसतायत ना, ते ओलीचे डाग नव्हेत, डिंक आहे तो. आधीच्या भाडेकरूने अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले होते सगळीकडे, छतालासुद्धा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. काय म्हणालात? हो, तोच. गाण्यांचा मुलगा. तुम्हीपण ऐकलंय वाटतं? आता सगळेच ऐकतात. मागे एक जोडपं आलं होतं, जागा बघायची सोडून डिंकाचेच फोटो काढत बसलं — तुम्ही तसल्या दिसत नाही. तो मुलगा काही वाईट नव्हता, हे मी कुणालाही सांगेन. आम्ही त्याला बडबड्या म्हणायचो. प्रत्यक्षात अगदी मुखदुर्बळ हो, जिन्यात भेटला तर मान खाली. पण माइक हातात आला की असा सुटायचा, श्वास घ्यायलासुद्धा थांबायचा नाही. हिपहॉप म्हणे. मी म्हटलं, अरे यात गाणं कुठे आहे, हे तर नुसतं भांडण आहे. तर हसला. म्हणाला, मावशी, प्रयोग आहे हा, यात ढोल-तबला काही नाही, या बिल्डिंगचे आवाज घेणार आणि त्यावर मी बोलणार. बिल्डिंगचे कसले आवाज, म्हटलं. तर म्हणाला, तुम्हाला सवय झालीय म्हणून ऐकू येत नाहीत.

इकडे या, हे स्वयंपाकघर. अंधार वाटेल जरा. इथे खिडकी होती, डक्टमध्ये उघडणारी — आमच्या तिन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्या एकाच डक्टमध्ये उघडायच्या, याने फोडणी दिली की ठसका मला लागायचा, असं. आता तिन्ही बंद केल्यात पत्रा ठोकून. इंजिनियरांनीच केलं, स्वतः उभं राहून, पैसे घेतले नाहीत कुणाकडून. कबुतरं फार येतात म्हणाले. तर या खिडकीतून तो मुलगा माइक सोडायचा खाली, वायरीला बांधून, विहिरीत बादली सोडावी तसा. पण चोरून नाही हं. प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारायचा, काका तुमचं हे घेऊ का, मावशी तुमचं ते घेऊ का. माझ्याकडे मिक्सर मागितला. आवाज मागितला हो, मिक्सर नाही! मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू, एवढ्या वर्षांत माझ्या मिक्सरचं कुणी कौतुक केलं नव्हतं. म्हटलं, घे बाबा, हवा तेव्हा घे.

मग तो अल्बम निघाला. 'शेजार' नाव ठेवलं. आम्हाला पत्ताही नव्हता. बँकवाल्या काकांनी पेपरात वाचलं की अमुक अल्बम बाहेरदेशी गाजतोय आणि एका साध्या इमारतीत तयार झालाय — ती आमचीच इमारत की! मग काय, सगळ्यांच्या अंगात आलं. रविवारी दुपारी खालच्या मीटिंगच्या खोलीत सगळे जमलो ऐकायला. इंजिनियरांनी स्वतःचे मोठे स्पीकर आणले, वायरी जोडल्या, त्यांच्या बायकोने सगळ्यांचा चहा केला. बडबड्याला मध्ये बसवलं, नवरदेवासारखं. तो आपला घाम पुसतोय.

आणि मजा आली हो सुरुवातीला. पहिल्याच गाण्यात बँकवाल्या काकांची गुळणी. सकाळी ते नरड्यातून काढतात ना, गर्रर्र, ती एकावर एक अशी लावलेली, आणि त्यावर हा पठ्ठ्या भराभरा बोलतोय. काका इतके खूश, म्हणाले, माझी गुळणी सातासमुद्रापार गेली, पुन्हा लाव. मग शिवणवाल्या बाईंचं मशीन. त्या रडल्याच, म्हणाल्या, मी मेल्यावर हे वाजवा. डॉक्टर म्हणाले, डोकं उठलं, पण पाय हलत होता त्यांचा. एका गाण्यात शिकवणीच्या बाई. तेव्हा मात्र जरा चुळबुळ झाली, कारण त्यात बाई कुठल्याशा मुलाला म्हणतायत, 'तू काही सुधारणार नाहीस', आणि तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, शेवटी शब्द असे राहिलेच नाहीत, नुसतं काहीतरी आपटल्यासारखं. बाई मान खाली घालून बसल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी शिकवणी बंद केली, डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे चांगले आहेत त्यांचे.

सातवं गाणं — तुम्ही ऐकलंय ना सगळं? मग तुम्हाला माहीतच आहे. माझा मिक्सर त्याच गाण्यात आहे. सुरू झाल्याबरोबर ओळखला मी, म्हटलंसुद्धा, अहो हा माझा, आणि सगळे हसले. मिक्सर चालू, खूप वेळ चालू, आणि त्याच्या खाली, मागे, काहीतरी धप्. मग जरा वेळाने पुन्हा धप्. सगळे वाट बघतायत, आता हा बोलायला लागेल, आता लागेल. तो बोलतच नाही. अख्ख्या अल्बममध्ये तेवढ्या एका गाण्यात तो तोंड उघडत नाही. मग मिक्सर थांबतो. आणि बाईचा आवाज येतो, बारीक, पण अगदी कानाशी आल्यासारखा. 'हळू. शेजारी ऐकतील.'

एवढंच. मग पुन्हा धप्, आणि गाणं संपलं.

आता तुम्ही समजून घ्या, आम्ही इंजिनियरांच्या बायकोला हळूबाई म्हणायचो. थट्टेने हो, प्रेमाने! इतकं हळू बोलायची की भाजीवाला तिला तीनदा विचारायचा. त्यामुळे आवाज कुणाचा हे सांगायला कुणाची गरज नव्हती. ती तिथेच होती, हातात ट्रे. आम्ही सगळे होतो, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं — डॉक्टर छताकडे, काका आपल्या बोटांकडे. ती तेवढी फिरत होती, कप गोळा करत. माझ्यापाशी आली, विचारलं, 'मावशी, अजून घेणार अर्धा कप?' मी हो म्हटलं. नको होता मला, पण हो म्हटलं. मग इंजिनियर उठले. शांतपणे हं, तो माणूस कधी आवाज चढवत नाही. म्हणाले, वायर लूज आहे, मधेच कटतंय. स्पीकर बंद केला, वायर अशी हातावर नीट गुंडाळली, वेटोळं करून, टोकाला गाठ मारली. आणि बायकोला म्हणाले, चल.

नंतर आम्ही मागे थांबलो, त्या दोघांशिवाय आणि बडबड्याशिवाय. चर्चा झाली. म्हणजे बघा, कुणाच्या घरात माइक सोडायचा म्हणजे काय? उद्या कुणाचं काय बाहेर येईल! मिक्सर वेगळा, गुळणी वेगळी. सगळ्यांचं एकमत झालं की मुलाने जागा सोडावी. इतकं पटकन एकमत त्या खोलीत कधी झालेलं नाही, पाण्याच्या टाकीवरून आम्ही दोन वर्षं भांडलोय. ती दुसरी गोष्ट? नाही, तिचं कुणी काढलं नाही. काढणार काय? इंजिनियर माणूस कसा आहे तुम्हाला ठाऊक नाही. पंप बिघडला की मध्यरात्री उठून जातात. माझा गॅसचा सिलिंडर वर आणून देतात, गुडघ्यांच्या गोळ्या आणून देतात. माझं इथे कोण आहे दुसरं? आणि नवरा-बायकोचं कसं असतं, एका बाजूने ऐकून काय कळतं.

निघायच्या आदल्या दिवशी बडबड्या आला माझ्याकडे. उंबऱ्याच्या आत आला नाही. म्हणाला, मावशी, ते मी तुमच्यासाठी लावलं होतं. एकेकटं ऐकताय तोवर कुणी काही करत नाही, सगळ्यांनी एका खोलीत ऐकलं तर कुणीतरी उठेल असं वाटलं मला. मी म्हटलं, उठले की. इंजिनियर उठले. मग विचारतो, 'मावशी, तुम्ही मिक्सर रिकामा का लावता?' मी म्हटलं, रिकामा कसा असेल, वाटण असतं. तर म्हणाला, भरलेल्या भांड्याचा आवाज जड असतो, हळूहळू बदलत जातो, तुमचा एकसारखा ओरडतो. आणि तिकडे धप् व्हायला लागलं की मगच तो सुरू होतो. — आता काय सांगायचं अशा मुलाला? माझं घर, माझा मिक्सर, मी रिकामा लावीन नाहीतर भरून लावीन. ऐकवत नाही माणसाला, म्हणून... टीव्हीने भागत नाही. टीव्हीत मधेमधे शांतता असते.

झोपायची खोली बघायची नाही तुम्हाला? बरं.

माझी भाची मला वाचून दाखवते लोक काय काय लिहितात ते, त्या सातव्या गाण्याखाली. हजारो लोकांनी लिहिलंय. एक म्हणतो, ते धप् म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला ढोल आहे, काय कल्पना आहे! दुसरा म्हणतो, छे, हृदयाचे ठोके आहेत, आईच्या पोटात ऐकू येतात तसे. एक बाई लिहिते, माझं बाळ याच गाण्यावर झोपतं. कॉलेजच्या मुली त्यावर नाचल्यात, 'हळू' आलं की सगळ्या ओठांवर बोट ठेवतात. फक्त कुणीतरी एकाने लिहिलं होतं, ही बाई कोण आहे, जिवंत आहे का? त्याच्याखाली सगळे त्याला हसले. गाणं आहे रे, म्हणाले, गाण्यासारखं ऐक. भाचीपण हसली. मी म्हटलं, आता पुरे, डोळे दुखतात तुझे.

हळूबाई? ती नाही आता इथे. तुम्हाला तिच्याबद्दल फारच... नाही, विचारा ना. मुलगा गेला, त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी ती माझ्या दारात आली. कधी यायची नाही हो अशी. हात ओढणीत. म्हणाली, 'मावशी, संध्याकाळपर्यंत बसू का तुमच्याकडे?' आता माझी दुपारची पडायची वेळ, आणि इंजिनियर घरी होते, त्यांचे बूट दिसत होते बाहेर; त्यांना काय वाटलं असतं? मी म्हटलं, उद्या ये ना, उद्या निवांत बसू. ती 'बरं' म्हणाली. ते मात्र ऐकू आलं मला स्पष्ट. मग संध्याकाळी मिक्सर... ते जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली. चहाचं आधणसुद्धा ठेवलं होतं. इंजिनियरच आले, माझ्या गोळ्या घेऊन. म्हणाले, तिला माहेरी पाठवलंय, बरं वाटत नव्हतं. मी म्हटलं, बरं केलंत, माहेरी आराम मिळतो. त्याच्या पुढच्या दिवशी पत्रे आणले त्यांनी, खिडक्यांचे.

हो, माहेरीच. सगळ्यांना तेच सांगितलंय. कुठलं माहेर ते मला कसं ठाऊक असणार, ती कधी... काय? पुन्हा बोला, तुमचापण आवाज बारीकच आहे. कुठून आलात?

तिच्या —

बसा. नाही, खाली नका बसू, धूळ आहे. धाकटी? धाकटी बहीण आहे म्हणाली होती खरी, एकदा कपडे वाळत घालताना. आणि आईकडे आलीच नाही ती? फोन? फोनही नाही? मग मैत्रिणीकडे गेली असेल कुठे वाटेत. असतात मैत्रिणी. होत्या का? अगं, अशी बघू नकोस माझ्याकडे. तू भाड्याने जागा बघायला आलीस म्हणून मी दार उघडलं तुला. आधी सांगायचं होतंस, मी एक अक्षर बोलले नसते.

कुठे यायचं? चौकीत? मी कशाला चौकीत येऊ? मी काय सांगितलं तुला? आठव बरं, मी नेमकं काय सांगितलं? मी गाण्यांबद्दल बोलत होते. लोक काय म्हणतात, कुणाला आवडलं, कुणाला नाही, एवढंच. गाण्यांबद्दल कुणीही बोलतं. डॉक्टरांना विचार, काकांना विचार, ते सगळे काही ऐकलं नाही म्हणतील, आणि मी एकटी म्हातारी काय... माझा हात सोड.

थांब. लिफ्ट आली.

त्यांचीच वेळ आहे ही. किल्ल्या वाजतायत बघ — बोलू नकोस. आत जाऊ दे त्यांना. ...गेले. आता निघ. लिफ्ट नको, जिन्याने जा, कठड्याला धरून, दिवा लावू नकोस. आणि हे बघ, त्यांनी विचारलं कोण आलं होतं, तर मी सांगणार हं. तोंडावर खोटं बोलायला मला जमत नाही, आणि त्यांना कळतं. रडू नकोस. तुला परत जायला घर आहे. मला इथेच राहायचंय. जा.