पावाच्या रांगेतली कमान

आमच्या ओल्गिन शहरात पावाची रांग कुणी ओळीत लावत नाही. "शेवटचं कोण?" विचारायचं, आपल्यापुढचा माणूस ध्यानात ठेवायचा आणि सावलीत टेकायचं. माझ्यापुढे होते हेडमास्तर एलियासर, त्यांच्यापुढे गणिताच्या युदेल्किसबाई.

"सोमवारी तपासणी आहे, बाई. पॅराबोलाचं सूत्र फळ्यावर लिहा. मुलांना मैदानात पळायला लावू नका."

"सूत्र पाठ आहे त्यांना. पॅराबोला म्हणजे काय, ते एकालाही सांगता येत नाही."

"सांगून काय दिवे लावणार आहेत?"

"तुम्हाला येतं, सर?"

"वीस वर्षं शिकवलाय मी!"

"मग तो दिव्याचा खांब आणि ही बेकरीची भिंत. दोन्हींपासून सारख्याच अंतरावर उभे राहा."

"लोक बघताहेत."

"बघू देत."

"हा उभा राहिलो. खांबापर्यंत सहा पावलं, दारापर्यंत सहा."

"पाव दारातून मिळतो म्हणून दारापर्यंत मोजलंत! अंतर भिंतीपर्यंत, तेही सरळ काटकोनात. तिरकं नाही."

रांगेतल्या एक आजीही सावलीतून उठून आल्या. "बाई, ही म्हातारी नीट उभी आहे का? चार इकडे, चार तिकडे."

"अगदी बरोबर, आजी!"

"माझी आठ-आठ!" रांगेतला आणखी एक जण ओरडला.

"माझी पाच-पाच! अगं बाई, आपली तर कमान झाली!"

"हीच ती. हाच पॅराबोला."

"बंद करा हे! नाहीतर सोमवारपासून तुम्हाला वर्ग नाही."

"नका देऊ. मला रांगही पुरते."

तेवढ्यात पिशवी घेऊन एक मुलगी आली.

"शेवटचं कोण?"

"ते मग विचार, पोरी," आजी म्हणाल्या. " आधी खांबापासून जितकी लांब, तितकीच भिंतीपासून लांब उभी राहा. सर, जरा सरका, तिची जागा अडवलीत."