गाण्यातलं रडणं

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. तिथून सुरू झालं हे सगळं! बँडचा इतिहास हवा असेल तर ह्यांना विचारा – चार पोरं, भाड्याचं गॅरेज, कंपनी-बिंपनी नको, सगळं आपलं आपण, सात वर्षं नुसता दणदणाट, आणि ऐकायला कोण, तर एकमेकांचे मेव्हणे. मी सांगतेय ते शेवटच्या गाण्याचं, ज्यासाठी तुम्ही हे रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आलात. ह्याच खोलीत रेकॉर्ड झालं ते. बाहेरचा आवाज नको म्हणून खिडकीला गाद्या लावलेल्या, आमचे हे पलंगावर गिटार घेऊन, तो गाणारा कपाटाला टेकून – आणि पाळण्यात पोरगी रडायला लागली. सहा महिन्यांची. कानात ठणका. मी धावले, तर गाणाऱ्यानं माइक सरळ पाळण्यात धरला आणि मला हातानं – थांब! आणि ह्यांनी? हे वाजवतच राहिले.

बँड महिन्याभरात फुटला, गाणं मात्र घरोघरी गेलं. ते रडणं आलं की लोक म्हणे डोळे पुसतात. काय ती कल्पना! अहो, कसली डोंबलाची कल्पना, कान दुखत होता पोरीचा! शिसारी येते मला. आता चार वर्षांची झाली, तर तुमच्यासारखे येतात, ह्यांच्याबरोबर फोटो काढतात आणि तिच्यापुढे गुडघे टेकून – ‘रडून दाखव ना गं, गाण्यातलं!’ दाखवते हो. हुबेहूब. चॉकलेट हातात पडलं की नाक पुसून हसते. हे बघतात कौतुकानं. बँडचं म्हणून एवढंच उरलंय ना त्यांच्याजवळ.

मघाशी विचारलंत, पोरीच्या बोटाला पट्टी कसली? परवा तुमच्यासारखेच दोघं येऊन बसले होते ह्यांच्याजवळ. आतून रडणं आलं. ते खूश, हे खूश, आणि मी – मी भांडी घासत होते. म्हटलं, लागली नाटकं करायला. दारात बोट चिमटलं होतं तिचं. दार तसंच लागलेलं, बोट आतच. सगळी भांडी घासून झाली माझी, तोवर! आईला म्हणे कळतं. काय कळतं?

बंद करा ते यंत्र आधी. ह्यांनी हो म्हटलं असेल, मी नाही म्हणतेय – नव्यानं-बिव्यानं काही रेकॉर्ड करायचं नाही तिचं रडणं. उठा. चपला तिकडे आहेत. आणि खाली जिन्यात तुमचे तिघं बसलेत ना, त्यांना सांगा, आणखी कोण कोण येणार असतील त्यांनाही कळवा – पोरीला कुणी रडायला सांगू नका. एवढं सांगा सगळ्यांना.