बुधवारपर्यंत न उघडलेली कुपी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉ. मुकुंदराव, व्यासपीठावरचे मान्यवर, प्रसूतिगृहातल्या माझ्या सहकारी भगिनी आणि उन्हातान्हातून आलेले आपण सगळे,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, एकतीस वर्षांचं कौतुक केलंत. डॉक्टर म्हणाले, भानुमती सिस्टरनी लसीचा थेंबही कधी वाया जाऊ दिला नाही. खरं आहे ते. पण ऐकताना मला मान वर करवेना. का, ते आज सांगून टाकते.

२०१३चा दुष्काळ आठवतो ना? नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, आणि पडेगावकडं इमारती मात्र चढतच होत्या. तिथल्या एका बांधकामावर गंगापूरकडचं जोडपं राहायचं. बाईला गौहर म्हणू या. खरं नाव सांगणार नाही. रविवारी तिला मुलगी झाली. बाळाला कावीळ ‘ब’ची लस चोवीस तासांच्या आत द्यायची असते. फ्रिजमध्ये कुपी होती, दहा बाळांना पुरेल अशी. त्या दिवशी बाळ एकच. एकीसाठी कुपी फोडायची? भांडी धुतलेलं पाणी झाडांना घालायचे ते दिवस, काहीही सांडलं की जीव तुटायचा. उघडलेली कुपी नियमानं थंड ठेवली तर पुढच्या बाळांनाही चालते, हे मला शिकवलेलं होतं. तरी मी म्हटलं, “बुधवारी लसीकरण आहे, तेव्हा घेऊन ये.”

मंगळवारी टँकर बंद झाले, बांधकाम थांबलं, माणसं पांगली. बुधवारी गौहर आली नाही.

गेल्या वर्षी आली. मुलगी दहा वर्षांची, आणि तिच्या रक्तात कावीळ ‘ब’. तपासलं तर आईच्याही रक्तात तेच, आणि तिला पत्ताच नाही. बाळंतपणात तो विषाणू आईकडून बाळाला जातो, आणि इतक्या लहानपणी शिरला की बहुतेकदा जन्माचा मुक्काम करतो. पहिल्या दिवशीच्या लसीनं बहुधा टळलं असतं. आता त्या पोरीचं यकृत वरचेवर तपासत राहायचं.

गौहर म्हणाली, “सिस्टर, हिचं ताट अलग ठेवू का? सासू बोलती.”

“नको गं. एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाय. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. लागेल त्यानं लस घ्यायची, तीन डोस, मधेच सोडायची नाही.”

एवढं शहाणपण मी लगेच सांगितलं. कुपी हाताशी असून मी बुधवारवर ढकललं, हे सांगायला मात्र मला आठ महिने लागले. ऐकून ती म्हणाली, “रविवारी आम्ही तिथंच होतो ना, सिस्टर.” मग म्हणाली, “तुमच्या समारंभात सांगा. लोकांना कळू द्या.”

स्वराली, उद्यापासून तो फ्रिज तुझ्या ताब्यात. बाळ एकच असलं तरी कुपी उघडायची. आणि समोरच्या लेकीसुनांनो, गरोदरपणात कावीळ ‘ब’ची रक्ततपासणी मागून घ्या. बाळाला पहिल्या दिवशीची लस दिली का, ते विचारा. सिस्टर चिडली तरी विचारा.

आपण मान दिलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. दुसरी माफी मी गौहरकडं मागितली आहे. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही.