चेहऱ्यावरची चव

आई: आता फक्त हलवायचं. झाकण घट्ट लाव, नाहीतर मागच्यासारखा सोया सॉस छताला लागेल.

मी: एकदाच झालं होतं ते! बघ कशी हलवते. ढिंगच्यॅक, ढिंगच्यॅक!

आई: बरणी हलव, कंबर नको. आलं किसून घातलंस ना? लसूण?

मी: सगळं घातलं. व्हिनेगर, मध, तू काढून ठेवलेलं तिळाचं तेल. काय गं, चुटकीसरशी होतं हे, आणि तुमच्या कँटीनमध्ये एशियन ड्रेसिंग म्हणून काय तो भाव खातं!

आई: ड्रेसिंग नसेल तर सॅलड म्हणजे नुसता पाला. चाख बरं.

मी: हं...

आई: कसं झालंय?

मी: एकदम भारी! मम्म!

आई: झालं तर मग. उद्या आजारपणानंतर कामावरचा पहिला दिवस, कँटीनचे साहेब आधी यातच चमचा बुडवणार. म्हणू दे त्यांना, बाई आजारातून उठल्या तरी हात तोच आहे.

मी: तू नाही चाखणार?

आई: चाखलं की. कसला खमंग वास सुटलाय तिळाचा!

मी: आई... तेल कुठलं काढलंस?

आई: शेगडीमागच्या बाटलीतलं. का गं?

मी: ती तुला ताप आला तेव्हापासून उघडीच होती. खवट झालंय ते. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास मारतोय.

आई: तू तर भारी म्हणालीस.

मी: उद्या जायचं म्हणून सकाळपासून गुणगुणत होतीस, तुझा विरस कशाला करू? वाटलं, तुला कळेलच. मला धपाटा घालशील, म्हणशील, नाटकी कुठली, खरं बोल. तापात गेलेला वास परत यायला लागला म्हणालीस ना? डॉक्टरांनाही तेच सांगितलंस.

आई: सांगितलं खरं.

मी: म्हणजे नाही आला?

आई: नाही गं बाळा. चवही नाही.

मी: मग रोजचा स्वयंपाक? मीठ तर बरोबर असतं!

आई: तू पहिला घास घेतलास की मी तुझ्याकडे बघते. भुवया वर गेल्या की मीठ जास्त. चमचा चाटलास की जमलं. तुझ्या तोंडावर काही म्हणून लपत नाही. आजवर तरी लपत नव्हतं.

मी: म्हणून टक लावून बघायचीस! आणि मला वाटायचं, मी सुंदर दिसायला लागलेय.

आई: दिसतेसच.

मी: रडवू नकोस हं. मी येते उद्या. शाळेत सांगते पोट दुखतंय. तुझ्या सॅलड काउंटरखाली लपून बसते, तू चमचा खाली सोड, मी चाखून सांगते.

आई: आणि परवा? त्याच्यानंतर?

मी: रोज येईन! आधी नवीन तेल आणते, दुकान उघडं असेल अजून.

आई: तेल मिळेल गं. बस तू. दे ती बरणी इकडे.

मी: सगळं ओतून टाकलंस?

आई: कुणाच्या तरी ताटात गेलं असतं हे. माझा फोन दे.

मी: कुणाला लावतेस? आई, नको ना. तुझा काउंटर आहे तो!

(आई फोन लावते.)

आई: हॅलो, साहेब... हो, उद्या येतेय. पण सॅलड काउंटरला दुसरं कुणीतरी बघा... नाही, तब्येत बरी आहे. मला वास येत नाही, चव लागत नाही... केव्हा येईल, ते नाही सांगता यायचं... हो, काकड्या चिरायला बसेन की. हात चालतात माझे.